जिवंत माणसांसाठी उभारलेला तंबू

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या आवाराचे नवे प्रमुख माननीय तेमिरकुल, नगर कार्यालयातून वेळात वेळ काढून आलेले सन्माननीय पाहुणे, आपल्या सगळ्यांची थोरली बहीण, सत्कारमूर्ती बुरुलकान एजे, पहिल्या रांगेतली ज्येष्ठ मंडळी, आणि मागे बसून आत्तापासूनच तळलेल्या गरम बोर्सोकच्या ताटांकडे डोळे लावलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी ओमुरबेक, दुसऱ्या इमारतीतला. आयुष्यभर बिश्केकच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवली. भाषणाची सवय नाही, ‘पुढे सरका, पुढे सरका’ एवढंच ओरडायची सवय. अध्यक्ष म्हणाले, थोडक्यात बोला आणि गोड बोला. थोडक्यात बोलतो. गोडाचं बघू.

मागच्या फलकावर लिहिलंय, एजे निवृत्त होत आहेत. वा! निवृत्त कसल्या झाल्यात? आपण हात वर करून त्यांना प्रमुखपदावरून काढलं. कशामुळे? तंबूमुळे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण पाहुण्यांना नसेल, म्हणून सांगतो.

आपल्यात कुणी गेलं की आवारात लोकरीच्या नमद्याचा तंबू उभा राहतो. माणूस नवव्या मजल्यावर राहणारा का असेना, शेवटी खाली येऊन तंबूतच निजतो. आपल्या आवाराचा तंबू तळघरात असतो, लागेल तेव्हा काढतात. तर या थंडीच्या सुरुवातीला बॉयलरघरामागच्या गरम पाइपांवर झोपणाऱ्या बेघर माणसांना तिथून हुसकावलं आणि पाइपांना कुंपण घातलं. एजेंनी काय करावं? सकाळी चार बायका जमवल्या आणि तंबू उभा केला. आत शेगडी पेटवली आणि त्या माणसांना नेऊन बसवलं.

आणि मग काय तो गोंधळ! रीतच आहे आपली, तंबू दिसला की पुरुषानं लांबूनच हंबरडा फोडत धावत यायचं. हे आपले कालिबेक काका, लाजू नका काका, दूध आणायला निघाले होते. कोण गेलं ते विचारायचं भान कुणाला? “अरे माझ्या भावा रे! आम्हाला टाकून कुठे गेलास रे!” करत थेट आत शिरले. आत त्या बेघरांपैकी एक, जीनबाय, चहा पीत बसलेला. तो दचकून उठला आणि म्हणाला, “काका, मी कुठं नाही गेलो हो. बसा, चहा घ्या.”

हसा, हसा. त्या दिवशी मात्र कुणी हसलं नव्हतं. “अहो एजे, मयत नसताना तंबू? मरण दाराशी बोलावताय का?” एजे म्हणाल्या, “अहो, मेल्यावर देणारच आहात ना त्यांना? मग जरा आधी द्या.”

नंतर आपलं मन वळलं, खोटं कशाला बोलू. कुणी गोधड्या आणल्या, कुणी कोळसा. कालिबेक काका तर रोज चहाला तिथेच. जीनबाय रशियात मजुरीला गेला होता, इकडे घर हातचं गेलं. पत्ता नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून पत्ता नाही. एजे तेवढ्यासाठी नगर कार्यालयात चकरा मारत होत्या. बॉयलरघराची रिकामी खोली द्या, आम्ही सगळे मिळून दुरुस्त करतो, तुमचा पैसा नको. पाहुणे, तुमचं उत्तर प्रत्येक वेळी एकच होतं. बघू.

मग ऐन कडाक्यात आपल्या अध्यक्षांच्या मातोश्री गेल्या. देव त्यांना शांती देवो, माउली होती. तंबू त्यांना लागणारच, त्यात वाद नाही. एजे एवढंच म्हणाल्या, “तंबू घ्या, पण या माणसांना दोन दिवस जिन्यात झोपू द्या.” तेव्हा काय काय बोललो आपण! “जिन्यात? आमच्या लेकीसुना येतात-जातात.” “आज जिन्यात, उद्या स्वयंपाकघरात!” सगळ्या इमारतींच्या दारांना कुलपं लागली. मातोश्रींना माती दिली आणि तंबू गुंडाळून सरळ तळघरात गेला. कुंपणापाशी कोण बसलंय ते बघायला कुणी गेलं नाही. जीनबायचे दोन्ही पाय गारठून गेले. घोट्यापासून कापावे लागले, मंडळी.

एजे सभेत ओरडल्या. बोलू नये तेही बोलल्या असतील. आणि आपण हात वर केले.

आता खरं बोलायचं ते. शुक्रवारी जीनबायला रुग्णालयातून सोडणार आहेत. कुठे सोडणार? पाय नसलेल्या माणसाला बर्फात? काल मी एजेंना विचारलं, सत्काराचा झगा कुठल्या रंगाचा आणू? त्या चिडल्या. “झगा घाल चुलीत. त्याला ठेवायचं कुठे, तेवढं सगळ्यांसमोर विचार.”

म्हणून विचारतो. अध्यक्ष महोदय, खोली रिकामी आहे. किल्ली तुमच्या जुडग्यात आहे. परवानगी देणारे तुमच्या शेजारी बसलेत. मी थांबतो.

कार्यक्रमानंतर बघू म्हणता? पाहुणे, फोन नंतर बघा. वहिनी, तुम्ही काही म्हणालात का? जरा मोठ्यानं. “द्या हो ती किल्ली. आईंच्या नावानं द्या.” ऐकलंत? अध्यक्षांच्या घरूनच आदेश आला. काढा, सावकाश काढा. पाहुणे मान हलवतायत, ती होकाराची समजतो मी, सगळे साक्षीला आहेत.

तर उद्या सकाळी फळ्या, चुना, हातोड्या घेऊन या. दार रुंद करायचं आहे, चाकाची खुर्ची जायला हवी.

अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, एजेंचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. जीनबायची माफी मात्र इथे मिळणार नाही. ती शुक्रवारी त्याला आणायला जाऊ तेव्हाच मागावी लागेल. आपल्यात थोरांची माफी मागायची तर पायांकडे बघून मागतात. कुठे बघू, ते मला अजून कळत नाही.