बावड्याचा गुरुवार

बानूबाई : सायब, ह्याचाबी कान धरा. मारा ह्यातबी एक बिल्ला.

साहेब : अहो बाई, लागेल त्याला! बाजूला घ्या पोराला. हे विम्याचे बिल्ले मेंढ्यांचे आहेत.

(साल चौऱ्याण्णव. कन्हेरीचा माळ, बुधवार दुपार. दिवाळी सरली, मेंढरं आता मजल दरमजल कोकणाकडं निघायची. घोड्यावर बिऱ्हाड लादून झालंय. जनावरांच्या डॉक्टरनं सोमवारी जीपनं येऊन मेंढरांना लस टोचली, आज विमा कंपनीचे साहेब कानांत बिल्ले मारतायत. म्हातारा रावजी एकेक मेंढी धरून देतोय. त्याची सून बानूबाई तान्ह्या बिरूला घेऊन मधेच उभी राहिलीय, आणि सकाळपासून तिचं डोकं फिरलंय. थोरली लेक नकोशी काठी मांडीवर घेऊन दगडावर बसलीय.)

रावजी : बाने, सायबाच्या तोंडी लागू नगंस. सायब, ही गाभण हाय, जरा दमानं.

बानूबाई : एकच इचारते. लस टोचल्याबिगर मेंढराचा इमा देत न्हाय म्हनं तुमी?

साहेब : नाही देत. लस असताना रोग होऊ द्यायचा आणि मग भरपाई मागायची, हे कसं चालेल?

बानूबाई : खरं हाय. आन मानसाचा इमा आसतो का?

साहेब : असतो की. दवाखान्यात दाखल झालं तर खर्च मिळतो.

बानूबाई : आन दवाखान्यात जायची पाळीच येऊ नये म्हनून लस टोचली, तर?

साहेब : ते... ते त्यात बसत नाही. पण पोरांना सरकार फुकट देतं ना! उपकेंद्रात, दर गुरुवारी.

बानूबाई : गुरवारी आमी कुठल्या माळावर आसतो, हाय का सरकारला ठावं? मेंढरांसाठी सरकार जीप घिऊन येतं. पोरांसाठी गावात खुर्ची टाकून बसतं.

साहेब : बाई, नियम काही मी केले नाहीत.

रावजी : झालं का तुजं? आवर. सांजच्याला लोणी भापकरला पोचायचंय. हिंदुरावांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा शबुद दिलाय मी.

बानूबाई : मंग सोमवारीच का न्हाय निगालो?

रावजी : येडी का खुळी? टोचलेलं मेंढरू चालवत्यात व्हय? ताप चढतो, गाभण आसंल ती गाभडती. मुक्काम करावाच लागतो.

बानूबाई : आन बावड्याला?

रावजी : बावड्याचं काय आता?

बानूबाई : नकोशी बिरूएवढी व्हती, तवा बावडा गावात नर्सबाई वाटंत आडवी आली व्हती. म्हनली, उद्या गुरवार हाय, पोरीला पोलिओचा डोस पाजा, मंग जावा. तुमी काय म्हनला?

रावजी : मला न्हाय आठवत.

बानूबाई : मला आठवतंय. "पोरगी काय मेंढरू हाय व्हय, मुक्काम कराया?" घोड्यावर बसवली तवा दोनी पायांनी लाथा झाडत व्हती माजी नकोशी. म्होरल्या पावसाळ्यात ताप आला, आन डावा पाय वाळला.

साहेब : रावजी, दुसरी मेंढी आणा.

रावजी : देवाची करनी, बाने. मी काय करनार?

बानूबाई : मेंढरांच्या येळंला न्हाय तुमाला देव आठवत. तवा बरा डाक्टर आठवतो!

रावजी : मंग उद्याच्या डोसासाठी तू ऱ्हा मागं बिरूला घिऊन.

बानूबाई : बावड्यालाबी मी ह्येच म्हनत व्हते. तवा कोकरं कोन बगंल, भाकऱ्या कोन थापंल, म्हनून घोड्याची दोरी माज्या हातात दिली.

साहेब : एका दिवसाचाच तर प्रश्न आहे, रावजी.

रावजी : तुमीबी तिच्याच बाजूला का, सायब? ...बरं. हिंदुरावांना सांगावा धाडतो. घोडं उतरवा. उद्या बिरूला डोस पाजू, आन मंग निगू.

बानूबाई : बिरूला. व्हय.

रावजी : आता तुज्या मनासारखं केलं, तरी तोंड वाकडंच?

नकोशी : आये, निगायचं का? काठी घिऊ?

बानूबाई : ठिव खाली, बाये. थांबायचंय आज. उद्या तुज्या भावाला डोस हाय.