पाठमोऱ्या माणसाला हाक

श्रीवर्धनच्या स्टँडवर बोर्लीच्या गाडीसाठी मी रांगेत उभी होते. यंदा मी अकरावीत, एकटीच प्रवास करते. त्यामुळे पुस्तकात डोकं घालून लोकांचं बोलणं ऐकायला मला झकास जमतं! मागे दोन कोळणी होत्या, सासू नि सून.

"राही, बोर्लीला भगतासमोर बसलो की काय लपवू नको. माझ्या सदाची होडी परतायची न्हाय, हे तुला आधीच कळलं व्हतं?"

"व्हय, आये. त्यांनी जाळं खांद्यावर घेतलं नि माझ्या मनात पाल चुकचुकली. हे आता दिसायचे न्हाईत, असंच वाटलं."

"मग अडवलं का न्हाय?"

"किनाऱ्यापर्यंत धावले की! पण ते पुढं, मी मागं."

"हाक मारायची, बये!"

"पाठमोऱ्या माणसाला? दर्यावर निघालेल्याला मागून हाक मारली तर अपशकुन होतो, हे तुम्हीच शिकवलंत. मी म्हटलं, माझ्या हाकेनंच काय झालं म्हंजे?"

"पुढं जाऊन उभं ऱ्हायचंस."

"वाळूत पाय रुतत व्हते. तोवर ते होडीत चढले."

"एकदा तरी वळला?"

"न्हाय. मी आले व्हते, हेच त्यांना ठाऊक न्हाय."

"बांगड्या उतरवू नको. भगत काय म्हणतो बघू."

"आये, आता मी रोज दर्यावर जाऊन हाका मारते."

"ऐकते मी, घरातनं."

"पण त्यांचं तोंड कुठं नि पाठ कुठं, ते तरी कळायला हवं ना?"