मंजनात निकोटिन किती?

नाही, तुम्हीच सांगा, मी विचारलं तरी काय होतं? त्या ट्यूबमध्ये निकोटिन किती, एवढंच. उभं आयुष्य बातमीदारीत गेलं, मंत्र्यांना तोंडावर खोटं पाडलं, आणि एका मंजनापुढे हात टेकले... तुम्हाला सांगतो, माझी थोरली बहीण मुक्ताई, आमची आक्का, खडकीच्या क्वार्टरमध्ये रोज सकाळी मशेरी लावायची. तंबाखू तव्यावर भाजायची, काळी पूड करायची, दातांवर बोट फिरवत बसायची. शेजारपाजार खोकायचा, पण बोलायचं कुणी नाही, कारण प्रत्येक घरात तसाच तवा. मग भाचा सुदर्शन आयटीत लागला, हिंजवडीकडे फ्लॅट घेतला, आईला नेलं, आणि पहिल्याच भाजणीला सोसायटीचे सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून दारात. 'अहो, आपण अग्निशामक दल बोलवायचं का?'

सुदर्शननं तोडगा काढला. 'आई, टेन्शन नको. आता मशेरीचीच ट्यूब मिळते. भाजायचं नाही, थुंकायचं नाही, तोंडातच विरघळते. एकदम क्लीन.'

क्लीन. पण आत निकोटिन किती? ट्यूबवर नुसती दात दाखवणारी बाई. एका कचेरीत गेलो. 'हे खातात का? नाही ना, मग अन्न नव्हे.' दुसरीकडे, 'यानं आजार बरा होतो का? मग औषध नव्हे.' तिसरीकडचे साहेब म्हणाले, 'तंबाखूच्या मंजनावर बंदी आहे, म्हणजे ते बाजारात नाहीच.' मी ट्यूब टेबलावर ठेवली. तिच्याकडे न बघता म्हणतात, 'नसलेल्या वस्तूत निकोटिन किती, हे मी कसं सांगणार?'

मग आक्काच्या गालात आतून चट्टा उठला. सदाशिव पेठेतल्या डॉक्टरांनी विचारलं, 'आजी, तंबाखू खाता?' ती म्हणाली, 'छे, शिवतसुद्धा नाही.' खोटं नव्हतं हो... आमच्याकडे तंबाखू पुरुष खातात, बायका दात घासतात. डॉक्टरांनी तोंड आलंय म्हणून गोळ्या दिल्या, उन्हाळा त्यात गेला, चट्ट्याची गाठ झाली, आणि ऊठसूट दात घासणं चालूच. निकोटिन किती, हे विचारणार कोण, मुळात तंबाखूच नव्हती ना.

आता त्या गाठीवर किरणं द्यायची, तर आधी दात काढावे लागतील म्हणाले. सगळे काढले. मला वाटलं, सुटली, दातच नाहीत तर मंजन कसलं... काल भेटायला गेलो, तर बोळक्या तोंडानं म्हणते, 'माधव, ट्यूब संपलीय.'

'आक्का, दात कुठायत आता?'

'मग काय तोंड न धुता चहा पिऊ?'

भांडणारच होतो. पण लहानपणी मला मारणारी ही बाई माझ्याकडे बघून हात जोडत होती... मंडईमागच्या दुकानात गेलो. सवयीनं विचारलंच, यात निकोटिन किती?

'ते काय माहीत नाही काका,' पोऱ्या म्हणाला, 'पण यावर ब्रश फुकट आहे.'

घेऊन आलो.