जोडबिस्किटं गार होईपर्यंत

— नाही हो, करपल्याचा कसला, लोण्याचा वास आहे तो! लोणी तापलं की आधी असाच वास सुटतो, जरा दम धरला की गोड होतो. बसा. त्या खुर्चीत नको, तिचा पाय लटपटतो — हो, माहीत आहे तुम्हाला, पण म्हटलं विसरला असाल, जावईबापू हल्ली वर्षातून एकदाच उगवतात आमच्याकडे. चिडवतेय हो. मला तरी चिडवायला दुसरं कोण उरलंय? काहीतरी सांगायला आलाय ना तुम्ही? दारात घसा खाकरलात तेव्हाच ओळखलं मी. सांगा की, सांगा, मी काही कान बंद करून बसले नाहीये — फक्त एवढी लाटी लाटून होऊ दे. पीठ एकदा सैल पडलं की साच्याला चिकटतं, मग बदामाचं टोक तुटतं, आणि टोक तुटलेला बदाम म्हणजे काय, बटाटा! उद्या तुमचा तो प्रेमाचा दिवस. खाली फुलवाल्याने दुकानाला लाल फुगे लावलेत, बघितलेत? आणि मी बटाटे करून देऊ तुम्हाला?

लोक हसतात, मला ठाऊक आहे. समोरची शिवणवाली तर तोंडावर म्हणाली, बाई, लेक गेली आणि तुम्ही अजून तिच्या नवऱ्याला प्रेमदिवसाचा डबा देता, हे काही बरं दिसत नाही. मी म्हटलं, मी कुठे देते? माझी मुलगी देते. मी नुसतं पीठ मळते. — असं काय बघताय? खरंच तर आहे. तुमच्या घरी ओव्हन नव्हता म्हणून आदल्या दिवशी इथे यायची ती, माझ्या स्वयंपाकघराचा पार उकिरडा करायची आणि डबा छातीशी धरून पळायची. धांदल! तिच्या वडिलांनी ठेवलेलं नाव ते, आणि शेवटपर्यंत जागली त्या नावाला. खालची बिस्किटं अख्खी, वरची मध्ये भोक पाडलेली, खिडकीवाली, दोघांत जॅम — आता यात अवघड ते काय? अवघड एकच, थांबणं. गार होऊ द्यायची. पार गार. मग जॅम लावून एकावर एक ठेवली की आपोआप घसरायची नाहीत. पण ती थांबेल तर शप्पथ! ट्रे बाहेर आला की लागलीच जोडायला सुरुवात, बोटं भाजून घ्यायची, फुंकर मारायची, आणि गरम बिस्किटावर जॅम पातळ होतो हो, वरचं घसरतं, खिडकी एकीकडे आणि जॅम दुसरीकडे. मी ओरडायचे, अगं सगळी वाकडी झाली! तर म्हणायची, आई, त्याला वाकडीच आवडतात. आवडायची का हो तुम्हाला? — राहू द्या, सांगू नका. आता विचारून काय करायचंय मला.

आणि तो चमचा! जॅमचा चमचा चाटून पुसून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून द्यायची. लहानपणापासून. सिंकमध्ये टाकणार नाही, कट्ट्यावर ठेवणार, मुंग्यांना आमंत्रण. किती पाठीत धपाटे खाल्ले असतील त्यावरून.

त्या वर्षी हॉस्पिटलात होती तेव्हासुद्धा तिच्या डोक्यात हेच. तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात, तर मला जवळ बोलावून म्हणते, आई, यंदा तू कर, पण गरमच जोड हं, सरळ केलीस तर त्याला कळेल मी केली नाहीत. हातात सुई, ओठ कोरडे पडलेले, आणि हिला बिस्किटांची पडलीय! मी हो म्हटलं. घरी आले, केली. पण हाताला वळण लागलेलं असतं ना — वाकडं करायचं म्हटलं तरी माझा हात करेना. सगळी सरळ झाली, दुकानातल्यासारखी. म्हटलं आता काय, ती बघेल आणि हिरमुसेल. मग तुम्ही आलात, चहाचा थर्मास न्यायला. मी इथेच बसले होते, उठवत नव्हतं मला. तुम्ही आत गेलात, थर्मास घेतलात, डबा घेतलात, आपण रिक्षाने गेलो. आणि तिथे डबा उघडला तर वरचंच बिस्किट वाकडं! चांगलं घसरलेलं, जॅम बाहेर आलेला. ती काय हसली! माझ्याकडे बघून डोळा मारला हो तिने, जमलं की गं आई! मला जमलं नव्हतं. पण तिचा आनंद कशाला घालवा म्हणून मीही हसले. तिचं ते शेवटचं हसणं. त्यानंतर ताप चढला तो उतरलाच नाही.

तुम्हाला वेडी वाटेन मी. वाटू दे. पुढच्या वर्षी तो दिवस जवळ आला तसे माझे हात आपोआप मैदा चाळायला लागले. कुणासाठी करतेय, कशासाठी, काही माहीत नाही. सगळी सरळ जोडली मी, एकूण एक, डोळ्यात तेल घालून. तुम्ही आलात, बसलात, निघताना डबा भरायला गेले तर जाळीवर एक वाकडं! मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. भीती? छे, भीती कसली, पोटची पोर ती माझी. मी नुसतं म्हटलं, आलीस का गं? आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर जॅमचा चमचा कट्ट्यावर. स्वच्छ, चाटलेला. मी तो रात्री जॅमच्या पातेल्यात ठेवला होता. तेव्हापासून दरवर्षी हो! दरवर्षी एक वाकडं, आणि सकाळी कट्ट्यावर चमचा. एरवी वर्षभर काही नाही. तिच्या वाढदिवसाला वाट बघते, नाही येत. श्राद्धाच्या दिवशी लोक जेवून जातात, ती नाही येत. मी आजारी पडले तेव्हा किती हाका मारल्या, छे! पण हा दिवस चुकवत नाही. कशी चुकवेल, नवऱ्याचा डबा असतो ना तिचा!

— थांबा. बोलू नका. तुम्ही काय सांगणार ते मला माहीत आहे. अहो, तुमच्या शर्टाचं बटण बघा. पांढऱ्या शर्टाला पांढऱ्या दोऱ्याने लावलंय, मागे पीळ देऊन, नीट. तुम्ही लावायचात तेव्हा मिळेल त्या दोऱ्याने, गोणपाट शिवल्यासारखं. आणि खिडकीतून बघितलं मी मघाशी, स्कूटर लावलीत तेव्हा. तुमच्या मागे बसून आल्या त्या खालीच थांबल्या, नाही का? उन्हात उभं केलंय तुम्ही त्यांना. बऱ्या वाटल्या मला. तुमची कॉलर सरळ करून पाठवलं त्यांनी वर. नाही, मला राग नाही आला. खरं सांगू — आला. आधी आला. मग म्हटलं, माणूस किती वर्षं एकट्याने भात लावून खाणार? करा लग्न. सुखाने करा. पण डबा नको म्हणू नका हो! तेच सांगायला आलाय ना, की यंदापासून नको? त्यांना कसं वाटेल म्हणून? मी समजू शकते, मलाही वाटलं असतं. पण माझं ऐका, डबा न्या, आणि कोपऱ्यावर टाका. कुत्र्यांना घाला. त्यांना दाखवूसुद्धा नका, मला काही विचारायचं नाही. फक्त इथून न्या. तुम्ही नेला नाहीत तर ती येईल कशाला? कुणासाठी येईल? माझ्यासाठी ती कधीच येत नाही हो. — बघा, बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. मनाला लावून घेऊ नका.

झाली वाटतं बिस्किटं, टिंग वाजलं ना? तुम्हीच काढता का तेवढा ट्रे? माझे गुडघे एकदा बसले की उठायला वेळ लावतात. फडकं दाराला अडकवलंय — जाड घ्या, पातळ नको, भाजेल! जाळीवर ठेवा खिडकीपाशी! आणि पाणी हाताने घेऊन प्या, तुम्हाला काय आता पाहुण्यासारखं तांब्या-भांडं आणून देऊ? सापडलं का फडकं? … रंग कसा आलाय? कडा लालसर हव्यात, मध्ये पांढुरकी चालतील! … हात लावू नका हं, गरम आहेत अजून, नुसत्या बोटाने मोडतात! … काय करताय एवढं? पाणी पिताय का विहीर खणताय? … सावकाश, सावकाश, घाई नाही. मला बरं वाटतं आत कुणीतरी वावरलं की. भांड्याचा आवाज झाला की बरं वाटतं.

आलात? बसा. चेहरा का असा उतरला? उन्हातून आलात त्याने असेल. मी बघून येते जरा. हात द्या — नको, उठते मी, टेबलाला धरून उठते. तुम्ही इथेच थांबा हं, माझ्या मागे येऊ नका.

अगं बाई!

अहो, इकडे या! या लवकर! बघा! अहो, मी अजून जॅमला हातही लावला नव्हता, सगळी सुटी होती, सगळी गार व्हायला ठेवलेली, आणि हे बघा, जोडलंय! एकच! आणि कसं बघा, वाकडं, खिडकी पार कडेला, जॅम ओघळलाय. बघा ना, हात लावून बघा, गरम आहे अजून. आता, आत्ता, आपण बाहेर बसलेलो असताना! आता तरी विश्वास बसला? तुम्ही म्हणत असाल म्हातारी भ्रमिष्ट झाली, आता तुमच्याच डोळ्यांनी बघा. माझं ऐकलं तिने. आपलं बोलणं सगळं ऐकलं, त्या खाली उभ्या आहेत तेही तिला कळलं असेल, तरी आली. रागावली नाही हो ती तुमच्यावर! रागावली असती तर जोडलं असतं का? मी आता पटापट बाकीची —

तुमच्या बाहीला काय लागलंय?

नाही, लपवू नका. इकडे करा हात. जॅम आहे.

बरं.

बरं, बरं. काही बोलू नका. मला जरा या स्टुलावर बसू द्या.

तुम्ही आत्ता केलंत, मला वाईट वाटू नये म्हणून. इतकंच ना? — आज फक्त, हो ना? — मग मान खाली का घातलीत? मागच्या वर्षी पाणी प्यायला आत आला होतात तुम्ही. त्याच्या आधी नळ गळतोय म्हणून बघायला गेलात. आणि थर्मास. थर्मास घ्यायला आत गेला होतात. अरे देवा. म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. सरळ बिस्किटं बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं की ही तिने केलेली नाहीत, आणि आपल्याला कळलंय हे तिला कळू नये म्हणून तुम्ही वरचं एक बोटाने सरकवलंत. आणि ती हसली. तिला वाटलं मी केलं, मला वाटलं… आणि मग दरवर्षी? माझ्यासाठी? — का स्वतःसाठी? तुम्हालाही हवं होतं, नाही का? वर्षातून एकदा, एक वाकडं. मी इथे बसून तिची वाट बघायची आणि आत तुम्ही एकटे उभे राहून तिचं काम करायचात. रडू नका हो. पुरुषमाणसाने बायकोसाठी रडू नये असं मी म्हणत नाही, पण खाली जायचंय तुम्हाला, डोळे लाल दिसतील.

आणि चमचा? तोही तुम्हीच, नाही का? चाटून कट्ट्यावर ठेवायचात —

नाही?

नाही म्हणजे? तुम्हाला तर ठाऊक होतं ती कुठे ठेवायची. — ठाऊक नव्हतं? आज पहिल्यांदा ऐकताय माझ्याकडून? माझ्याकडे बघा आणि सांगा. तुम्ही चमच्याला कधीच… आणि तो तर सकाळी दिसायचा, बरोबर. तुम्ही गेल्यावर. रात्री पातेल्यात असायचा, मीच झाकण ठेवायचे.

बरं.

निघा मग तुम्ही. नाही, डबा नको. त्याची आता गरज नाही. त्या उन्हात ताटकळल्यात कधीच्या, जा, काहीतरी गार पाजा त्यांना. हे वाकडं मात्र मी ठेवून घेते, तुमच्या हातचं आहे. बाही घरी गेल्यावर गार पाण्यात भिजवा, गरम पाणी घालू नका, डाग पक्का होतो. — मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. सोबत? सोबत कशाला मला? जा म्हणते ना. मला पातेल्यावर झाकण ठेवायचंय. तुम्ही इथे असलात की ती यायची नाही. दार ओढून घ्या.