ओदिलियानं दिलेली जागा

हैतीतल्या डोंगरावरच्या नव्या प्रसूतिगृहापाशी पोटुशी मिर्लांद रांगेत उभी होती. पुढच्या दोघी म्हाताऱ्यांचं बोलणं तिच्या कानावर पडत होतं.

"ही जागा ओदिलियानं फुकट दिली म्हणे?"

"हो. बाळंतपणाला खाली नेताना तिची लेक वाटेतच गेली ना, त्याच वर्षी."

"अन् सिमेंट? इथवर ट्रक कुठला यायला!"

"आम्ही बायकांनी डोक्यावरून वाहिलं. सर्वांत जास्त खेपा ओदिलियाच्या."

"या वयात? थांबवलं नाहीत?"

"तिला कोण थांबवणार? उलट बाप्यांनाच म्हणायची, 'सावलीत बसा रे, दमाल!'"

"आता कुठंय ती?"

"आत. अडलेल्या बाईपाशी सकाळपासून बसलीय."

तेवढ्यात बाळाचं रडणं ऐकू आलं. दार उघडून ओदिलिया बाहेर आली.

"मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत," म्हणाली आणि भिंतीला टेकून रडू लागली.

मिर्लांदनं रांग सोडून तिला जवळ घेतलं.