साहेबाला लावलेली शिकवणी

पुढच्या रांगेत खुर्च्या टाकून कीर्तनाला बसलेल्यांनो, आधी तुमच्याशी बोलतो. माणसं तुम्ही वापरलीत, घडवली नाहीत! यंत्र कुरकुरलं की इंजिनियर बोलावता, माणूस कुरकुरला की मेमो देता. आणि स्वतः? खुर्ची मिळाली त्या दिवशी तुमचं शिकणं संपलं. माना हलवू नका, मागच्यांना दिसतंय.

आजचा प्रश्न एवढाच — जो वर चढला, त्याला शिकवायचं कोणी?

हे आमचे मृदंगमहाराज बघा. उभं राहण्याआधी डाव्या पुडीला ओली कणीक थापतात. परवाची आहे, चालेल — असं कधी म्हणाले? वाळक्या कणकेवर थाप मारली तर मृदंग खोकतो! देवापुढं वाजणाऱ्या चामड्याला दर वेळी नवी कणीक लागते, आणि साहेबाला लागत नाही?

मंडळी, ऐका. एक दूध संघ होता. नाव घेत नाही, संघाचे जावई मंडपात आहेत! त्या संघाचं श्रीखंड नावाजलेलं. श्रीखंड विभागाचे मॅनेजर सुरेंद्र ढोबळे. कामाला वाघ, पहाटे हजर, पण मीटिंग घ्यायचे ती अशी, की पंगतीत वाढपी आमटी वाढत पळतो ना — पानावर पडली की नाही, बघणार कोण?

आदल्या वर्षीच्या पाडव्याला घात झाला. सणाच्या सकाळी दुकानादुकानांत डब्यांची झाकणं फुगली, आतलं श्रीखंड आंबलेलं. बायका डबे घेऊन परत यायला लागल्या. आता कोणाचा तरी बळी पाहिजे! पॅकिंगला मारुती व्हनमाने नावाचा माणूस होता. ढोबळेसाहेबांनी ठरवून टाकलं, झाकणं यानंच नीट लावली नाहीत. मारुतीला घरी बसवलं. चौकशी नाही, काही नाही. साहेबांनी ठरवलं म्हणजे झालं!

अध्यक्ष मात्र जुने खेळाडू. त्यांनी ढोबळेंना बोलावून सांगितलं, यंदा पाडवा बिघडला तर श्रीखंड बंद आणि तुम्हीही बंद. पण त्याआधी तुमच्यासाठी कोच लावतोय.

झालं! संघभर बातमी — साहेबाला ट्यूशन लावली. कॅन्टीनवाल्यानं तर विचारलं म्हणे, दहावीचं गणित की इंग्रजी?

कोच आल्या मिरजेच्या. रेहाना मुजावर. पूर्वी शाळेत खो-खो शिकवायच्या, आता कंपन्यांतल्या साहेबांना आणि त्यांच्या टीमला कोचिंग द्यायच्या. ढोबळेंनी पहिल्याच दिवशी त्यांना ऐकवलं, दुधातलं तुम्हाला काय कळतं?

"काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "मी दूध शिकवायला आलेली नाही."

आणि जाऊन मीटिंगच्या कोपऱ्यात बसल्या. गप्प. ढोबळेंनी नेहमीसारखी गाडी सोडली — दही लागलं ना, कापड धुतलं ना, कोल्डरूम ठीक आहे ना — आणि सगळे, हो साहेब, हो साहेब, हो साहेब. मीटिंग संपली. मॅडमनी ढोबळेंना एकच विचारलं, "सगळे हो म्हणाले, म्हणजे काय म्हणाले?"

ढोबळे म्हणाले, काम झालं म्हणाले, दुसरं काय!

मग मॅडम गेल्या कोल्डरूम सांभाळणाऱ्या बाजीराव अस्वलेकडं. तोच प्रश्न. अस्वले हसला. म्हणाला, "मॅडम, आमच्याकडं हो म्हणजे ऐकू आलं."

बघा मंडळी! साहेबाला वाटतं काम झालं. माणसाला वाटतं आवाज पोचला. शब्द एकच, आणि मधून नदी वाहतेय! तुमच्या घरात तरी वेगळं काय आहे? "येताना कोथिंबीर आणा." "हो." आणली? एवढ्या टाळ्या? म्हणजे मंडपभर कोथिंबीर राहिलेली दिसतेय!

मॅडमनी नियम घातला. मीटिंगमध्ये हो म्हणायचं नाही. काय करणार, कधी करणार, ते बोलायचं. पहिले दिवस काय गंमत! कोणी नुसती मान डोलावतोय, कोणी "जी" म्हणून पळवाट काढतोय. एकदा ढोबळेच फोनवर बायकोला "हो, हो" म्हणाले आणि अख्ख्या टीमनं त्यांना धरलं. साहेब हसले. हसले, मंडळी! त्या खोलीत साहेबाचे दात कोणी पाहिले नव्हते.

पण खरी शिकवणी बंद दाराआड, ढोबळेंची. मॅडम म्हणायच्या, प्रश्न विचारला की जीभ टाळूला लावा आणि थांबा. ढोबळे घामाघूम व्हायचे. ज्याला बोलण्याची सवय, त्याला गप्प बसणं हे उपवासापेक्षा जड!

पाडवा तोंडावर आला. त्या दिवशी मॅडम नव्हत्या. ढोबळेंनी विचारलं, आज चक्का टांगायला घेऊ या? आणि थांबले. पंखा फिरतोय. ढोबळेंच्या तोंडात उत्तर तयार आहे, पण जीभ टाळूला!

शेवटी अस्वले बोलला. "आज नको साहेब. कोल्डरूमच्या दाराचं रबर फाटलंय, गारवा बाहेर जातोय. गेल्या पाडव्यालाही फाटलेलंच होतं."

ढोबळेंचा चेहरा लाल. सगळ्यांना ठाऊक, आता हे ओरडले तर इथून पुढं कोणी तोंड उघडणार नाही. श्रीखंड जाईल, साहेब जातील, सगळंच जाईल.

ढोबळे हळू म्हणाले, "मी तेव्हा विचारलं होतं, बाजीराव."

"विचारलं होतंत साहेब. आणि उत्तरही तुम्हीच दिलंत. कोल्डरूम ठीक आहे ना, हो, पुढं. असं."

ढोबळे बसले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "म्हणजे मारुतीचं काही चुकलं नव्हतं."

 

त्या दिवशी चक्का टांगला नाही. रबर बदललं, मग काम सुरू झालं. काही दुकानांत माल उशिरा पोचला, अध्यक्ष फोनवर तापले. ढोबळेंनी ऐकून घेतलं आणि कारण सांगितलं, कोणाचं नाव पुढं न करता. पाडवा झाला. एकही डबा परत आला नाही! आणि दुसऱ्या दिवशी ढोबळे स्वतः मारुती व्हनमानेच्या दारात जाऊन उभे राहिले. तिथं काय बोलले ते मला माहीत नाही. मारुती कामावर परत आला, एवढं माहीत आहे.

यालाच मी कृपा म्हणतो, मंडळी. देव कुठल्या रूपात येतो, तुम्ही ठरवू नका. कधी तो मिरजेची बाई होऊन कोपऱ्यात गप्प बसतो. गुरूनं ढोबळेंना दूध शिकवलं नाही, ऐकायला शिकवलं. एकटा साहेब शिकला असता तर टीम मुकीच राहिली असती. एकटी टीम शिकली असती तर साहेबानं तिचं तोंड पुन्हा बंद केलं असतं. दोघं शिकले, म्हणून पाडवा गोड झाला.

आता खुर्चीवाल्यांनो, टाळ वाजणार नाहीत, मृदंग वाजणार नाही. ढोबळे मारुतीच्या दारात गेले. तुम्ही कोणाच्या दारात जायला हवं? न विचारता घरी बसवलेला तुमचा मारुती कोण? मोठ्यानं नाव सांगा. तोवर मी जीभ टाळूला लावून उभा आहे.