अर्धा वॅट

डोळ्यांत औषध घातल्यामुळे शिंपीणबाईंना दिसत काहीच नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या नवराबायकोचं बोलणं तेवढं कानावर येत होतं.

"अहो, डोळ्यांच्या दवाखान्यातसुद्धा तो रेडिओ?"

"पिशवीत मावतो म्हणून तर घेतला. सगळे बँड आहेत यात, जगात कुठेही बोलता येतं."

"आठवडाभर हाका मारताय. ओ दिली ती एकानेच."

"पण कुठून? समुद्रापलीकडून. आवाज स्वच्छ येतोय म्हणाला. नाहीतर परतच करणार होतो. बटणं चिमुकली, अक्षरं मुंगीएवढी, आणि एक सेटिंग शोधायचं तर सगळा मेनू पालथा घालायचा."

"द्या इकडे, मी वाचते. पॉवर किती ठेवलीय?"

"दहा वॅट. पहिल्याच दिवशी."

"इथे शून्य पॉइंट पाच आहे."

"नीट बघ."

"डोळे तुमचे अधू झालेत, माझे नाहीत. अर्धा वॅट."

"अगं, अर्ध्या वॅटवर टॉर्चसुद्धा धड लागत नाही."

"मग तो माणूस बोलला कसा?"

बाक जरासा करकरला.

"अर्ध्या वॅटवर समुद्र ओलांडला मी?"

"ओलांडलात. आता दहावर करते."

"खबरदार हात लावलास तर. अजून दुसरा समुद्र उरलाय."